युरिया बंद करण्याआधी नत्राचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात अडीच एकर मध्यम काळी जमीन, विहिरीचं पाणी, खरिपात सोयाबीन किंवा टोमॅटो आणि रब्बीत उन्हाळ कांदा. विचारणारे दादा नाशिकला अंबडमध्ये नोकरी करतात, शेत वडील सांभाळतात. दादांना यंदापासून युरिया आणि डीएपी ही गोणीतली रासायनिक खतं एकदम बंद करायची आहेत. त्यांच्या सोसायटीतला ओला कचरा, रोज साधारण २०० किलो, फुकट मिळतोय आणि त्याचं खत करून सगळी शेती सेंद्रिय करावी असा विचार आहे. वडील म्हणतात, कचऱ्यावर कांदा येत नसतो. तर दोघांपैकी कोणाचं बरोबर?

मी निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठाला शेती करते. लग्न होऊन इथे आले त्याला २३ वर्षं झाली, आणि गेली ११ वर्षं आमच्या शेतातलं खत मी स्वतः बनवते. द्राक्षाला आणि भाजीपाल्याला आता गोणीतलं खत जवळजवळ लागत नाही. कांद्याला अजूनही थोडं देते. ते का, हे समजून घेतलंत तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

दादा, सेंद्रिय की रासायनिक हा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुमच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे: कांद्याला लागणारं नत्र (नायट्रोजन) कुठून येणार, किती येणार आणि कोणत्या आठवड्यात येणार? मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. ते युरियातून आलं की शेणखतातून, हे मुळाला कळत नाही. फरक दोन ठिकाणी पडतो. युरियातलं नत्र काही दिवसांत हाताशी येतं, आणि आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या (pH च्या) जमिनीत वर टाकून ठेवलं तर अमोनिया होऊन उडूनही जातं. शेणखत-कंपोस्टातलं नत्र जिवाणूंनी सोडवून दिल्याशिवाय पिकाला मिळत नाही, पण ते देताना माती सुधारून जातं. एक रोख पैसा आहे, दुसरी ठेव आहे. घर चालवायला दोन्हींची वेळ वेगवेगळी असते.

आता हिशेब. उन्हाळ कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र धरलं तर एकरी ४० किलो झालं, अडीच एकराला १००. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीमागे २० किलोच्या थोडं वर. एकरी दोन गोण्या. तेच शेणखतात बघा. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र, म्हणजे टनाला ५ किलो, आणि त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं ते ढोबळमानाने तिसरा हिस्सा. ४० किलो नत्र त्याच हंगामात हवं असेल तर एकरी २४ टन शेणखत लागेल, म्हणजे आठ-दहा ट्रॉल्या. आजच्या शेणखताच्या भावात हे किती जणांना परवडेल? वडील जे एका वाक्यात बोलले, त्यामागे त्यांचा आयुष्यभराचा हाच हिशेब आहे.

मी हा हिशेब न मांडता शेती बदलायला निघाले होते. कंपोस्ट करायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी एका एकर कांद्याला मी युरियाचा दाणाही टाकला नाही. पाच ट्रॉल्या कुजलेलं शेणखत घातलं, जीवामृत (शेण, गोमूत्र, गुळाचं आंबवलेलं पाणी) सोडलं. कागदावर ६० किलोच्या वर नत्र जमिनीत होतं. डिसेंबरअखेर लागवड झाली, जानेवारीभर रोपं फिकट हिरवी उभी राहिली, वाढेचनात. फेब्रुवारी संपता संपता ऊन वाढलं आणि पात एकाएकी काळीभोर झाली. मला आनंद झाला. तो चुकीचा आनंद होता. कांदा पोसायच्या वेळेला नत्र मिळालं, त्यामुळे माना जाड राहिल्या, काढणी लांबली, आणि कांदा साठवायच्या चाळीत भरलेला माल जुलैतच कोंब धरून सडायला लागला. सासरे एक शब्द बोलले नाहीत. रोज सकाळी चाळीतून सडका कांदा वेचून बाहेर टाकत राहिले. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कारण नंतर उमगलं. निफाड आणि दिंडोरीची थंडी तुम्हाला माहीत आहे. निफाडचा पारा दरवर्षी राज्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यांत असतो. माती थंड असली की जिवाणूंचं काम मंदावतं आणि सेंद्रिय खतातलं नत्र सुटत नाही. उन्हाळ कांद्याला नत्र हवं असतं ते लागवडीपासून पहिल्या ४५ ते ६० दिवसांत, म्हणजे नेमकं त्या थंडीत. ऊन वाढल्यावर नत्र सुटायला लागतं, तेव्हा कांद्याला ते नको असतं. हे गणित पुस्तकात शोधून मिळालं नव्हतं, चाळीत मिळालं.

म्हणून माझं सांगणं: सेंद्रियची सुरुवात खरिपापासून करा, कांद्यापासून नको. पावसाळ्यात माती उबदार आणि ओली असते, कंपोस्ट तेव्हा सर्वांत चांगलं काम करतं. सोयाबीन तर मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं बरंचसं नत्र स्वतः मिळवतं. बियाण्याला रायझोबियम (या गाठी करणारे जिवाणू) लावा, कंपोस्ट द्या, नत्राची गोणी तिथे पहिल्याच वर्षी बंद करता येईल. टोमॅटोला पहिली दोन वर्षं अर्धं नत्र गोणीतून, अर्धं कंपोस्टातून. कांद्याला कंपोस्ट खरिपाआधी किंवा निदान लागवडीच्या दीड-दोन महिने आधी मिसळा आणि नत्राचा अर्धा-पाऊण डोस युरियातून, तोही पहिल्या दीड महिन्यातच, विभागून. पुढे दरवर्षी थोडा कमी करत जा. हलक्या मुरमाड जमिनीला, ऊस किंवा केळीसारख्या पिकाला हेच वेळापत्रक लागू होणार नाही.

आता तुमच्या २०० किलो कचऱ्याकडे येते. मनापासून सांगते, ही संधी मोठी आहे. घनकचरा नियमांत रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारी सोसायटी मोठी कचरा उत्पादक ठरते आणि ओल्याची सोय तिने स्वतः लावावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे तुम्ही त्यांची अडचण सोडवताय, निदान टेम्पोचं भाडं सोसायटीकडून मागायला संकोच करू नका. पण अडचण कचऱ्याची नसते, कोरड्या मालाची असते. स्वयंपाकघरातला कचरा तीन चतुर्थांश पाणीच असतो. नुसता ढीग लावला की तो बसतो, आत हवा राहत नाही, काळं पाणी गळतं, माश्या होतात आणि आठवड्यात शेजारचा शेतकरी भांडायला येतो. २०० किलो ओल्याला ५०-६० किलो सुका पाला किंवा भुसकट लागतं. वर्षाचं झालं २० टनांच्या आसपास. तुमच्या अडीच एकरातलं सोयाबीनचं भुसकट यातला छोटा वाटा भरेल.

म्हणून रोज ५० किलोपासून सुरू करा. वर्षाला पाच-साडेपाच टन सुका माल लागेल, तो जमवता येतो. दिंडोरीत द्राक्षबागा भरपूर आहेत. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काड्या बांधाला टाकतात, कितीतरी जण जाळतात. त्या मागून आणा, श्रेडरमधून काढा. मक्याची ताटं कुट्टी करून घ्या. शहरातल्या कॉलन्यांत झाडणीचा सुका पाला पोत्यांनी मिळतो, फक्त प्लास्टिक वेचायची तयारी ठेवा. लाकडाचा भुसा थोडाच वापरा. त्यात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र नगण्य, त्यामुळे कुजायला खूप वेळ घेतो. उद्देश एवढाच की ढिगात कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास राहावं. तराजू लागत नाही, घमेल्याने मोजा: एक घमेलं ओलं, दोन घमेली सुकं.

ढीग असा लावा. विहिरीपासून लांब, उंचवट्याची, सावलीची जागा. तळाला फूटभर जाड काड्या, त्यांतून खालून हवा येते. त्यावर ओल्याचा आणि सुक्याचा थर, मधे शेणाचा काला शिंपडायचा आणि वर मूठभर जुनं कंपोस्ट. पाच फूट रुंद, चार फूट उंच, लांबी हवी तेवढी. यापेक्षा बुटका ढीग तापत नाही, यापेक्षा उंच असला की स्वतःच्या वजनाने दबतो. ओल तपासायला मूठभर माल दाबून बघा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर सुकं घाला, काहीच आलं नाही तर पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी गज आत खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवला नाही पाहिजे. आत ५५ ते ६५ अंश तापमान आलं की तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. मात्र कडेचा माल तापत नाही, म्हणून पालटी द्यायची. पहिली आठवड्याने, पुढच्या दहा-दहा दिवसांनी, एकूण चार. बाहेरचं आत, आतलं बाहेर.

नाक हे यातलं सर्वांत चांगलं यंत्र आहे. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालंय आणि तेच हवेत उडतंय, सुकं घाला. कुजक्या अंड्यांचा वास आला तर आत हवा नाही, लगेच पालटा. पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच, नाहीतर सगळा कस धुऊन जातो. एप्रिल-मेमध्ये उलटं, ढीग आतून कोरडा पडतो आणि कुजणं थांबतं, तेव्हा पाणी घाला. ८०-९० दिवसांत माल तयार होतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो आला, गज थंड निघाला की झालं. खात्री नसेल तर वाटीभर खतात मातीसोबत मेथी पेरून बघा. नीट उगवली तर टाका, पिवळी पडली तर अजून महिनाभर राहू द्या.

नाडेप हौदाबद्दल बरेच जण विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी बसवलेली ही पद्धत आहे: दहा बाय सहा फूट, तीन फूट उंच, भिंतीत भोकं असलेला विटांचा हौद. शेण कमी, पालापाचोळा आणि माती जास्त, तीन-चार महिने पालटी न देता. मजूर मिळत नसतील तर उत्तम पद्धत. पण ती शेतातल्या काडीकचऱ्यासाठी आहे. रोज येणाऱ्या ओल्या कचऱ्याला मी ढीगच सांगेन. गांडुळखत करायचं तर ढीग थंड झाल्यावरचा अर्धकच्चा माल गांडुळांना द्या. ताजा कचरा घातला तर उष्णतेने गांडुळं मरतात.

सोसायटीच्या कचऱ्याची दोन पथ्यं. पहिलं, वर्गीकरण त्यांच्या दारात झालं पाहिजे. पिशवीचं तोंड उघडून तुम्ही निवडत बसलात तर महिन्यात कंटाळाल. दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, ब्लेड, औषधांची पाकिटं, बॅटरीचे सेल शेतात गेले की परत निघत नाहीत. दुसरं, मीठ. उरलेलं अन्न, लोणचं, पापड यांतून क्षार येतात. वर्षातून एकदा तयार खताची क्षारता तपासून घ्या. शहरी कंपोस्टासाठी खत नियंत्रण आदेशात ४ डेसीसायमन प्रति मीटर ही मर्यादा आहे, त्याच्या वर गेलं तर हात आखडा. द्राक्षाला तर मी सोसायटीच्या कचऱ्याचं खत घालतच नाही, क्षाराला ते पीक नाजूक आहे.

रोज ५० किलो कचऱ्याचं वर्षाला सुमारे सात टन कंपोस्ट होईल. एक टक्का नत्र धरलं तर ७० किलो, त्यातलं पहिल्या हंगामात पाचवा ते तिसरा हिस्सा, म्हणजे १४ ते २३ किलो. अडीच एकर कांद्याची गरज १००. यावर्षी वडील बरोबर आहेत. पण दरवर्षी घातलेल्या खतातलं शिल्लक नत्र पुढच्या वर्षी सुटत राहतं, सुका माल मिळवायची तुमची साखळी बसली की ढीग ५० वरून १००, मग २०० वर नेता येतो. चार-पाच वर्षांनी कदाचित तुम्ही बरोबर असाल.

मग एवढं करून कंपोस्ट कशासाठी, असं वाटेल. मातीसाठी. एका एकरातली वरची सहा इंच माती साधारण ९०० टन भरते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९ क्विंटल कर्ब त्या मातीत टिकला पाहिजे. टनभर कंपोस्टात दोन क्विंटलच्या आसपास कर्ब असतो आणि आपल्या उन्हात त्यातला निम्म्याहून जास्त जळून जातो. म्हणून हे काम एका हंगामात होत नाही. आमच्या कांद्याच्या रानाचा कर्ब ११ वर्षांत ०.३८ वरून ०.६१ वर आला. त्यासाठी दर दोन वर्षांनी ताग पेरून फुलोऱ्यात गाडला, सोयाबीनचं भुसकट कधी विकलं नाही. फरक कशात दिसतो? पूर्वी मोठा पाऊस झाला की चार-पाच दिवस वाफसा (रानात काम करण्याजोगी ओल) यायचा नाही, आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रानात जाता येतं. उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढलं. ही गोष्ट युरियाच्या गोणीतून मिळत नाही, कितीही गोण्या टाका.

कच्चं शेणखत मात्र टाकू नका. मे महिन्यात ट्रॉली आणून रानात पसरली, पहिला पाऊस झाला की कडुनिंब-बाभळीवर बसणारे भुंगेरे त्यात अंडी घालतात आणि ऑगस्टमध्ये त्यांची अळी, म्हणजे हुमणी, मुळं खाते. कोंबडीखत त्याहून तिखट, नत्र शेणखताच्या कितीतरी पट. ताजं घातलं तर रोपांची मुळं करपतात. दोन्ही ढिगात कुजवूनच वापरा. चाळीतला सडका कांदाही ढिगात चालतो, भरपूर सुकं घालून आणि चांगला तापवून. त्याचं खत मी कांद्याच्या रानात न टाकता मक्याला घालते, रोग परत त्याच पिकात नको म्हणून.

जीवामृताबद्दल बोलताना लोक रागावतात, तरी सांगते. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, २०० लिटर पाणी. यातलं सगळं नत्र मोजलं तर पाव किलोच्या आसपास भरतं. गरज एकरी ४० किलोची. जीवामृताचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर स्वतःच त्याला खत म्हणत नाहीत, विरजण म्हणतात. विरजण उपयोगी आहे, मीही सोडते, पण दूधच नसेल तर दही कशाचं लागणार?

खत आणि फवारणी हे दोन वेगळे निर्णय आहेत, एकाच दिवशी घेऊ नका. २०१० साली आपल्या द्राक्षांना युरोपात अडचण आली ती क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे, खतामुळे नाही. घरच्या ताटासाठी आणि ग्राहकासाठी आधी फवारणी कमी करा. त्याचा फायदा लगेच दिसतो आणि कांद्यावर फुलकिड्यांसाठी निळे सापळे, निंबोळी अर्क अशी सुरुवात स्वस्तात होते. आणि खत एकदम बंद केलं की काय होतं, ते श्रीलंकेने दाखवलं: २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, भाताचं आणि चहाचं उत्पादन घसरलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. चूक सेंद्रियची नव्हती, घाईची होती.

बाजाराचंही आत्ताच बघून ठेवा. लासलगावला ट्रॉली लिलावात उभी राहिली की व्यापारी आकार, रंग आणि पत्ती (वरची साल) बघतो, तुम्ही काय खत घातलं ते विचारत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर हंगामी पिकांना दोन वर्षांचा आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा रूपांतरण काळ धरावा लागतो, त्या काळात उत्पादन कमी आणि भाव नेहमीचाच. तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. ज्या घरांचा कचरा तुम्ही नेताय, तीच घरं तुमचे ग्राहक होऊ शकतात. शनिवारी टेम्पो कचरा आणायला जातो, जाताना दहा गुंठ्यांतली मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन जाऊ द्या.

ते दहा गुंठे वडिलांकडून मागून घ्या. तिथे गोणी पूर्ण बंद, सगळं खत कंपोस्टाचंच. बाकीच्या रानात वडील म्हणतील तसं. दोन्हीकडचा खर्च, पाण्याच्या पाळ्या आणि उत्पादन एका वहीत लिहा, आणि ती वही वडिलांनाच लिहू द्या. माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने तीन वर्षं आकडे लिहिल्यावर द्राक्षाचं खत त्यांनीच बदलायला सांगितलं.

ढीग लावण्याआधी माती परीक्षण करा. आठ-दहा ठिकाणचे सहा इंचांपर्यंतचे नमुने एकत्र करून अर्धा किलो माती द्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि विहिरीच्या पाण्याची क्षारता हे चार आकडे हाती आले की सांगा. कांद्याचा युरिया पहिल्या वर्षी निम्मा ठेवायचा की पाऊण, ते त्यावरून ठरवू.